सहावीतल्या वाचकासाठी

माझा वाचक माझ्याकडे जेमतेम तीन-चार वर्षं टिकतो. पाचवीत येतो आणि आठवी संपता संपता निघून जातो. त्याआधी त्याला मोठ्या चित्रांची, थोड्या अक्षरांची पुस्तकं हवी असतात. त्यानंतर तो शिकवण्यांत, मोबाइलमध्ये किंवा थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांत शिरतो. मधल्या या वर्षांत त्याला घरात कुणी लहान म्हटलेलं चालत नाही, पण रात्री अंगणातल्या नळापर्यंत जायचं तर आजी सोबत लागते. न्याय-अन्याय त्याला लख्ख कळतो. मैत्रीत बिनसलं तर घास उतरत नाही. आईबाप पैशांवरून बोलत असले की तो झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकतो. या मुलासाठी मी लिहिते आणि लिहिलेलं स्वतःच छापते.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. मधे मूर्तिजापूर. तासा-दोन तासांच्या या पट्ट्यात माझं सगळं आयुष्य गेलं आणि माझ्या गोष्टीही इथेच घडतात. लहानपणी बाबा मला अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात घेऊन जायचे. तिथे मला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यातल्या विद्याभवन शाळेतला. शाळेत बालभारतीचं ‘किशोर’ यायचं, १९७१ च्या बालदिनाला सुरू झालेलं. भागवतांनी मला वाचक केलं, हे ऋण मी जन्मभर मानते. पण फास्टर फेणेची सायकल कधी आमच्या टिळक रोडवरून गेली नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडींच्या गर्दीत कुठलाही गोष्टीतला मुलगा हरवला नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात कूलरमध्ये पाणी भरायची पाळी कुणाची, यावरून भांडणारी भावंडं मला पुस्तकात सापडली नाहीत. मोठ्यांच्या साहित्यात आमच्या बोलीला केव्हाच मानाचं पान मिळालं होतं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. विठ्ठल वाघांच्या कविता तर अकोल्यातल्या मुलांच्याही कानावर असायच्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात मात्र त्याच्या घरची भाषा पडत नव्हती.

ही खंत मी पुष्कळ वर्षं नुसती बाळगली. माझी मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा लिहायला बसले. मुलाचं त्या वयात असणं फार थोडा काळ असतं आणि पुस्तकाला लिहिण्यापासून छापून येईपर्यंत सहज दोन वर्षं लागतात. म्हणजे आज जिच्यासाठी लिहायला घेतलं, ती पुस्तक हातात येईपर्यंत सातवीत गेलेली असणार. थांबायला वेळच नव्हता.

घराचा दिनक्रम सांगते, कारण पुस्तकं त्यातूनच निघाली. आमच्या यांचं कृषी केंद्र आहे. मृगाच्या आधीपासून पोळ्यापर्यंत बियाणं, खतं, औषधं यांत घर बुडालेलं असतं. हे रात्री दहाला येतात, उधारीच्या वह्या जेवणाच्या ताटाशेजारी उघड्या असतात. मी घरी पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, संध्याकाळी दोन तुकड्या. सकाळी दोन डबे, सासूबाईंचं पथ्याचं, पाणी यायची वेळ. मग उरतं काय? पहाटेचा तास-दीड तास आणि दुपारी मुलं शाळेत असतानाची वेळ. त्यातली दुपार मी फार लवकर सोडली, कारण घरातली सगळी न ठरलेली कामं दुपारीच येतात. कुणी पाहुणा, गॅसवाला, बँकेतलं काही. पहाट माझी राहिली. उन्हाळ्यात ती चारला सुरू होते, कारण नंतर उकाडा डोकं चालू देत नाही. थंडीत पाचला.

पहाटे लिहिण्याची एक किंमत आहे आणि ती मी एकटी देत नाही. रात्री नऊला माझे डोळे मिटतात. ज्या वयात मुलांना दिवे गेल्यावर आईशी सगळ्यात जास्त बोलायचं असतं, नेमक्या त्या वेळी मी झोपलेली असते. मुलाने एकदा स्पष्ट विचारलं, “तू दुसऱ्यांच्या पोरांसाठी उठतेस, तर माझ्यासाठी जागत का नाहीस?” तेव्हापासून आठवड्यातल्या दोन रात्री ठरवून जागते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे लिहीत नाही. पुस्तक तेवढं लांबतं. लांबू द्यावं. ज्या वयासाठी मी लिहिते त्याच वयाचं मूल शेजारच्या खोलीत माझी वाट पाहत असेल, तर ते पुस्तक कितीही चांगलं झालं तरी मला गोड लागणार नाही.

सासूबाईंशिवाय मात्र एकही पुस्तक झालं नसतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, दर्यापूरकडच्या खेड्यातलं. त्या तूर निवडत बसल्या की मी समोर बसून प्रकरण वाचून दाखवायची. कथानकावर त्या फारशा बोलत नसत. संवादावर मात्र लगेच हात थांबायचा. “पोट्टा असा बोलन काय वं घरी? हे तर मास्तर बोलून राह्यला.” मग त्या स्वतः बोलून दाखवायच्या. “मले नाई येनं तुह्यासंगं, तू जाय.” वाक्य सहा शब्दांचं, पण त्यात रुसवा, लाड आणि थोडी भीती सगळं येतं. मी बसल्या जागी खोडून तसं लिहायची.

बोली किती आणि कशी छापायची, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत राहिला. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. शाळा ही शाया, डोळे हे डोये. तसं हुबेहूब छापलं तर पाचवीतलं मूल अडखळतं, कारण त्याला वाचायची सवय पाठ्यपुस्तकाची. शिवाय ऐकायला जे गोड, ते कागदावर कधी कधी खेडवळपणाची नक्कल वाटतं आणि मुलाला वाटतं की आपली थट्टा चाललीय. ते मला अजिबात नको होतं. म्हणून निवेदन सरळ प्रमाण मराठीत ठेवलं आणि संवादांत क्रियापदं, सर्वनामं, वाक्याची ठेवण वऱ्हाडी घेतली. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राह्यला’, ‘येजो’, ‘हाव’ हे सगळं राहिलं, ‘ळ’ मात्र तसाच ठेवला. शिकवणीतल्या मुलांना मोठ्याने वाचायला दिलं की कुठे जीभ अडते ते कळायचं. आणि एक गोष्ट दर वेळी व्हायची. एरवी मान खाली घालून वाचणारा मुलगा संवाद आला की मान वर करून, हातवारे करत वाचायचा. मला त्याहून मोठा अभिप्राय कुणी दिलेला नाही.

पहिली गोष्ट शकुंतला रेल्वेची. मूर्तिजापूरहून एका फाट्याने अचलपूरला आणि दुसऱ्याने यवतमाळला जायची ती अरुंद रुळांची गाडी. इंग्रजांच्या काळात कापूस वाहून नेण्यासाठी खासगी कंपनीने टाकलेली आणि स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीचीच राहिलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरला बनलेलं. शिकवणीत मी हे सांगितलं तेव्हा मुलं आधी गप्प झाली आणि मग प्रश्नांचा पाऊस पडला. आपल्या गावातली रेल्वे सरकारची नव्हती? मग तिकिटाचे पैसे कुणाला जायचे? ड्रायव्हर उतरून फाटक लावायचा? यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला शोधावी लागली. मूर्तिजापूरच्या म्हाताऱ्या प्रवाशांशी बोलावं लागलं. कुणी सांगितलं की चालत्या गाडीतून उतरून लघवीला जाऊन परत चढता यायचं. ते पुस्तकात आहे आणि मुलांचं सगळ्यात आवडतं पान तेच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला इतिहास कळत नाही, असं मला कधीच वाटलं नाही. त्याला आपल्या गावाचा इतिहास कुणी सांगत नाही, एवढंच.

माझ्या मुलाला वेगळंच हवं होतं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड काम करून टाकला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आजोळी जाताना त्याने ती यंत्रं पाहिली होती. त्याच्या मते रेल्वेपेक्षा ही गोष्ट मोठी होती. दुसऱ्या पुस्तकात रस्त्याच्या कामावरच्या मजुराची मुलगी आली ती त्याच्या हट्टामुळे.

लिहून झालं की खरं काम सुरू होतं. दोन प्रकाशकांकडे मी हस्तलिखित पाठवलं होतं. दोघांनी सभ्यपणे कळवलं की बालसाहित्य म्हणून हे मोठं होतं आणि कादंबरी म्हणून लहान, शिवाय बोलीमुळे सगळीकडे चालणार नाही. त्यांचं गणित मला समजतं. त्यांना सगळ्या महाराष्ट्रात पुस्तक विकायचं असतं. मला आधी चार-पाच तालुक्यांत पोचायचं होतं. म्हणून ठरवलं की आपणच छापू.

ठरवलं म्हणजे घरात बसून ठरवलं. जेवणं झाल्यावर पाटावर वही घेऊन हिशेब मांडला. सासूबाई, हे, दोन्ही मुलं, सगळे होते. ९६ पानं, म्हणजे १६ पानांचे सहा फर्मे. डेमी आकार, ७० जीएसएम मॅपलिथो, ३०० जीएसएमचं कव्हर. आतली चित्रं, डीटीपी, छपाई, बांधणी मिळून ५०० प्रतींना अडतीस हजारांच्या आसपास. म्हणजे प्रत शहात्तर रुपयांना पडते. किंमत दीडशे ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के दिले, तर हाती नव्वद येतात आणि त्यातून उरतात चौदा. गठ्ठा पाठवायच्या खर्चात तेही जातात. तेच पुस्तक आपण हाताने विकलं, तर अडीचशेच्या थोडं वर गेल्यावर घातलेले पैसे परत येतात. यांनी एकच अट घातली की दुकानाच्या खेळत्या भांडवलाला हात लागणार नाही. मला ती अट पटली आणि अजून पटते. खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्याला उधार द्यायचे पैसे माझ्या पुस्तकात अडकले असते, तर त्याचा त्रास माझ्या घरापुरता राहिला नसता. शिकवणीच्या फीमधून महिन्याच्या महिन्याला आवर्ती ठेव सुरू केली. ती जेव्हा पिकते तेव्हा पुस्तक छापलं जातं, आधी नाही.

छपाई अकोल्याला करते. बाबांच्या ओळखीतला छापखाना आहे आणि आई तिथे एकटी राहते, हे त्याचं खरं कारण. प्रूफं पाहायला जायचं म्हणजे आईकडे मुक्काम. सकाळी छापखाना, दुपारी आईची औषधं, बँक, संध्याकाळी परतीची गाडी. माझ्यासारख्या बाईला एका फेरीत दोन घरांची कामं बसवल्याशिवाय तिसरं काम करताच येत नाही. आईलाही बरं वाटतं. तिच्या ओसरीवर मी प्रूफं पसरते आणि ती शेजारणींना सांगते की पोरीचं पुस्तक येऊन राह्यलंय.

स्वतः छापू पाहणाऱ्यांसाठी काही गोष्टी मुद्दाम लिहिते, कारण मला त्या एका ठिकाणी कुणी सांगितल्या नाहीत. आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन असतो आणि लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते अर्ज भरून देण्याचे आहेत, एवढं लक्षात ठेवावं. डीटीपीत जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर गेला की जोडाक्षरं आणि रफार फुटतात. म्हणून शेवटचं प्रूफ पडद्यावर न पाहता कागदावर पाहावं आणि शक्य तर एखाद्या सातवीतल्या मुलाकडून वाचून घ्यावं. मुलं चुका पकडायला फार पटाईत असतात. कव्हरला लॅमिनेशन पावसाळ्यात करू नये, कव्हर वळतं. तयार पुस्तकांचे गठ्ठे मे महिन्यात गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नयेत, आपल्याकडच्या उन्हात बांधणीचा गोंद सैल पडतो. ई-पुस्तक किंडलवर मराठीत काढता येतं, पण माझा वाचक तिथे नाही. त्याच्या घरात फोन आईबाबांच्या हातात असतो आणि तो त्याच्या हातात आलाच, तर पुस्तकासाठी येत नाही.

आणखी एक. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत आपल्या खर्चाने प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. घरगुती प्रकाशक हे बऱ्याचदा करत नाहीत. मी ते काम मुलांकडे दिलं. मुलाने कोलकात्याचा पत्ता चार वेळा तपासून लिहिला. मूर्तिजापूरच्या स्टेशनाची गोष्ट देशाच्या ग्रंथालयात कायमची राहणार, हे त्याला फार मोठं वाटलं. मलाही वाटलं.

विक्रीचं कॅलेंडर शेतीचं आहे. जून-जुलैत आमच्याकडे कुणाच्या हातात पैसा नसतो. पेरणी, वह्या-पुस्तकं, गणवेश सगळं एकदम येतं. सोयाबीन विकलं गेलं, कापूस घरात आला, की दिवाळीनंतर आई-बाप मुलासाठी दीडशे रुपयांचा विचार करू शकतात. म्हणून माझं पुस्तक ऑक्टोबरच्या आत तयार असावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, मग २६ जानेवारी. लहान गावात मुलांचं पुस्तक सगळ्यात जास्त खपतं ते बक्षीस म्हणून. दुकानाच्या काचेत ठेवलेल्या दहा प्रती वर्षभर तशाच राहतात आणि एका शाळेची बक्षिसाची मागणी साठ प्रती उचलून नेते. मुख्याध्यापकांना भेटायला मी शिकवणी नसलेल्या दिवशी जाते, परतवाड्यापासून बाळापूरपर्यंत. गो. नी. दांडेकर परतवाड्यात जन्मले, हे मी तिथल्या मुलांना आवर्जून सांगते. लेखक नावाचा माणूस आपल्या गावातही जन्मतो, हे त्या वयात कळलेलं बरं.

काही ठिकाणी फुकट प्रती मागतात. एका विक्रेत्याने नेलेल्या प्रतींचे पैसे अजून आलेले नाहीत. अशा वेळी मनाला लागतं, कारण ते पैसे मुलांच्या सुट्टीतल्या सहलीतून कापलेले असतात. आता उधारीवर प्रती देत नाही. ज्या शाळेकडे खरोखर पैसे नाहीत, तिथे एक प्रत वर्गाच्या पेटीसाठी मी आपणहून देते. मेळघाटातल्या आश्रमशाळेतल्या मुलांनी ती एक प्रत आळीपाळीने इतकी वाचली की शिक्षकांनी कव्हरला पुठ्ठा लावला. पोस्टाने पाठवणं मात्र मधे महाग झालं. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय बंद केली. पुस्तकं पाठवणाऱ्या माझ्यासारख्या लहान माणसांना ती फार आधाराची होती. ही सोय परत यायला हवी, असं तेव्हा मला मनापासून वाटलं.

घरच्यांचा उपयोग गोष्टीत किती करायचा, यावर आमच्या घरात एक नियम आहे आणि तो मुलीने घालून दिला. ती बारा वर्षांची असताना मी तिला मसुदा वाचायला दिला. त्यात शाळेच्या सहलीत एकटी पडलेली मुलगी होती. तिने तो परिच्छेद पेन्सिलीने खोडला आणि शेजारी लिहिलं, ‘हे माझं आहे.’ मी तो काढला. गोष्टीतली ती जागा पुन्हा लिहायला मला बराच काळ लागला. तेव्हापासून घरात घडलेलं काही वापरायचं असेल तर आधी विचारायचं आणि नाही म्हटलं की विषय संपला. या वयाच्या मुलांना आपलं म्हणून काही झाकून ठेवायला नुकतंच जमू लागलेलं असतं. आईनेच ते उघडं केलं तर पुढे ती कुणाला काही सांगणार नाहीत. मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे पाळावं, असं मी आग्रहाने म्हणेन.

अमरावतीच्या रस्त्यांवरून जाताना मला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आठवतात. लग्नानंतर त्या याच गावात राहिल्या. १९२१ च्या सुमाराला संसार मोडला, तेव्हा तान्ह्या मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या. राजकोटला गेल्या, तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढचं बोर्डी-कोसबाडचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या अमरावतीच्या वर्षांबद्दल मात्र आमच्या गावात फारसं कुणी बोलत नाही. एकटीने मूल वाढवताना त्यांनी मुलांविषयीचं एवढं मोठं काम उभं केलं. माझ्यामागे घर उभं आहे, त्यांच्यामागे नव्हतं. म्हणून दमले की तक्रारीचा सूर मी आवरता घेते.

भा. रा. भागवत आणि त्यांच्या पत्नी लीलावतीबाई, दोघंही मुलांसाठी लिहिणारे. ‘बालमित्र’ मासिक त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलं आणि पुढे ते बंद करावं लागलं. तिकडे अमेरिकेत क्रिस्टोफर पाओलिनी नावाच्या मुलाचं पुस्तक २००२ मध्ये आईवडिलांनी घरातूनच काढलं. सगळं कुटुंब १३५ हून अधिक शाळा, वाचनालयं आणि दुकानं फिरलं. पुढच्याच वर्षी मोठ्या प्रकाशकाने ते घेतलं. माझ्या मुलीला ही गोष्ट फार आवडते. मला त्यातलं यश दूरचं वाटतं, पण पुस्तकांचे गठ्ठे उचलणारे आईवडील फार जवळचे वाटतात. आमच्याकडे गठ्ठे सासूबाईंच्या पलंगाखाली असतात. दुपारी कुणी प्रत घ्यायला आलं तर त्याच काढून देतात आणि पैसे पदराला बांधतात.

मधे एक वर्ष काहीच झालं नाही. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. दिवाळीपासून होळीपर्यंत मी निम्मी अकोल्यात, निम्मी अमरावतीत होते. शिकवण्या मुलीने कशाबशा सांभाळल्या, हे स्वयंपाकाला लागले. दुसरं पुस्तक अर्ध्यावर होतं, ते तसंच राहिलं. स्वतः प्रकाशक असण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तेव्हा कळला. कुणी तारीख मागत नव्हतं. थांबायचा अधिकार माझा होता. हा अधिकार मी पैशापेक्षा मोलाचा मानते, कारण माझ्या वयाच्या बाईच्या डोक्यावर वरची आणि खालची अशा दोन पिढ्या एकाच वेळी असतात. आई वॉकर घेऊन चालायला लागली तेव्हा तिनेच विचारलं, “तुह्या त्या पोट्टीचं काय झालं वं मंग?” रस्त्याच्या कामावरची ती मुलगी तिच्या लक्षात राहिली होती. मी तिथेच तिच्या खाटेजवळ पुढचं प्रकरण लिहायला घेतलं.

आता मुलगी नववीत आहे. माझी पुस्तकं ती वाचत नाही, तिचं वाचन पुढे गेलंय. तिने कव्हर आणि हिशेब हाती घेतलेत. मुलगा सहावीत आहे, म्हणजे नेमका माझ्या वाचकाच्या वयात, आणि मसुद्याच्या समासात तो ‘बोर’ किंवा ‘भारी’ एवढंच लिहितो. त्याच्याकडे अजून दोन वर्षं आहेत. तेवढ्यात कावडीची गोष्ट पुरी करायची आहे. गेल्या श्रावणात त्याला घेऊन गांधीग्रामहून पायी आले ती त्यासाठीच.

वऱ्हाडातल्या शाळांमध्ये बक्षीस समितीवर असणाऱ्या सर आणि बाईंना माझी एक विनंती आहे. यंदा स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांची यादी करताना डबे आणि पाण्याच्या बाटल्या थोड्या कमी करा. पुस्तकं घ्या, आणि ती निवडायला सहावी-सातवीतली चार मुलं सोबत दुकानात न्या. ती माझं पुस्तक उचलतील असं नाही. ती जे उचलतील तेच घ्या.